‘मी’चे लिंग आणि ‘आपले माणूस’

१

आधार ही वाङ्मयीन संज्ञा नव्हे. आशय, घाट, लय, अनुभूती, आविष्कार यांची चर्चा करणाऱ्या समीक्षेला एखाद्या लेखनाने कोणाला आधार दिला की नाही, हा प्रश्न सहसा वाङ्मयबाह्य वाटतो; आणि पुष्कळ प्रसंगी तो तसा असतोही. परंतु एखादे लेखन जर आधार मिळावा आणि देता यावा एवढ्याच हेतूने होत असेल, आणि तो आधार ज्या साधनाने मिळतो ते साधन भाषा हेच असेल, तर समीक्षेला या प्रश्नाकडे पाठ फिरवता येणार नाही. समाजमाध्यमांवर गेल्या दीड दशकात मराठी आणि हिंदी भाषिक तरुणांनी स्वतःच्या लिंगओळखीविषयी जे लिहिले आहे, ते या प्रकारात मोडते. त्यातही स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणतीच ओळख ज्यांना पुरतेपणी आपली वाटत नाही, ज्यांना आज ‘नॉन-बायनरी’ या आयात शब्दाने संबोधले जाते, त्यांचे लेखन भाषेच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. याचे कारण असे की, इतरांच्या बाबतीत भाषा हे दुःख सांगण्याचे साधन असते. येथे भाषा हाच दुःखाचा एक भाग असतो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मराठीत ‘तृतीयपंथी’ हा शब्द ज्या समाजाविषयी रूढ आहे, त्याला स्वतःची परंपरा आहे, घराणी आहेत, गुरु-चेल्याचे नाते आहे, आणि घरातून बाहेर पडलेल्या व्यक्तीला सामावून घेण्याची एक जुनी रीत आहे. ती रीत कठोर असेल, तीत शोषणही असेल. परंतु ती आहे. लिंगद्वैताबाहेरच्या सर्वच व्यक्ती त्या समाजाच्या घटक नसतात. त्यांतील बहुसंख्य आईवडिलांच्या घरातच राहतात, महाविद्यालयात वा कचेरीत जातात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला इतरांहून वेगळ्या दिसतही नाहीत. त्यांना गुरूचे घर नाही आणि स्वतःच्या घरात आपल्याविषयी बोलण्यास शब्द नाही. अशा व्यक्तीला आपल्यासारखे दुसरे कोणी शोधायचे झाले तर गल्ली, जात, नातेगोते, मंडळ यांपैकी कोणतीही परिचित संस्था उपयोगी पडत नाही. समाजमाध्यमांचे महत्त्व या अभावातून निर्माण झाले आहे. ते माध्यम श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे, दुसरी जागा नाही म्हणून.

जबलपूर हे नगर या संदर्भात मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत ते मराठ्यांच्या अमलाखाली होते. आणि १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाल्यापासून १९५६ पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होती, त्याच राज्यात जबलपूरही होते. भाषावार पुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि तेथे त्या राज्याचे उच्च न्यायालय आले. त्यामुळे येथील मराठी घरांत घरची भाषा एक, रस्त्यावरची दुसरी आणि आता हातातील यंत्राची तिसरी, अशी स्थिती आहे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा लिंगाचा विचार निरनिराळ्या रीतीने करतात. ज्या व्यक्तीला स्वतःचे लिंग सांगणे हीच अडचण आहे, तिच्या दृष्टीने हा भेद व्याकरणाच्या पुस्तकापुरता राहत नाही.

त्याच उच्च न्यायालयाशी निगडित असलेली एक घटना येथे आठवते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशातील तृतीयपंथी समाजातून दोन व्यक्ती लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आल्या. शबनम मौसी या शहडोलकडील सोहागपूर मतदारसंघातून १९९८ ते २००३ या कालखंडातील विधानसभेत गेल्या. आणि १९९८ पर्यंत जबलपूर जिल्ह्याचा भाग असलेल्या कटनीच्या महापौरपदी कमला जान निवडून आल्या. कटनीचे पद स्त्रियांसाठी राखीव होते. निवडणुकीला आव्हान दिले गेले, ती रद्द ठरली, आणि २००३ साली जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कायद्याच्या दृष्टीने कमला जान स्त्री नव्हत्या. लोकांनी मत देताना ज्या नावाने त्यांना ओळखले ते नाव एका बाजूला राहिले, आणि कायद्याच्या भाषेत असलेल्या दोनच शब्दांपैकी एक शब्द त्यांना देण्यात आला. पुढे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. या दोन निर्णयांमधील अंतर अकरा वर्षांचे आहे. परंतु त्यांच्यातील प्रश्न एकच आहे, आणि तो मुळात नामकरणाचा, म्हणजे भाषेचा प्रश्न आहे : ‘मी कोण’ हे कोणी सांगावयाचे?

२

न्यायालयात हा प्रश्न एकदा विचारला जातो. मराठी वाक्यात तो वारंवार विचारला जातो. ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’. ‘मी दमलो’ किंवा ‘मी दमले’. ‘तू कुठे होतास’ किंवा ‘तू कुठे होतीस’. इंग्रजीत प्रथमपुरुषी लेखकाला आपले लिंग पानोपानी उघड करावे लागत नाही. मराठीत ते पहिल्याच क्रियापदात उघड होते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिचा पहिला भाग तनय सांगतो, दुसरा त्याची बहीण अनुजा. दोघांचेही प्रेम घरी राहावयास आलेल्या एकाच तरुणावर. मराठी वाचकाला निवेदकाचे लिंग क्रियापदांच्या प्रत्ययातूनच कळते आणि प्रेमाचे स्वरूपही त्याच क्षणी कळते. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादात (२०१३) हे काम क्रियापदाकडून होणे शक्य नव्हते; ती माहिती अन्य मार्गांनी यावी लागते. जी गोष्ट मराठीत लपत नाही ती इंग्रजीत सांगावी लागते, हा केवळ अनुवादाचा पेच नसून दोन भाषांच्या स्वभावांतील फरक आहे.

या स्वभावाचा सर्वांत तीव्र प्रत्यय एका लहानशा वाक्यात येतो. आधार शोधणाऱ्या कोणत्याही माणसाचे पहिले वाक्य बहुधा ‘मी एकटा आहे’ किंवा ‘मी एकटी आहे’ हे असते. मराठीत एकटेपणालाही लिंग आहे. हिंदीत ‘अकेला’ आणि ‘अकेली’ अशी तीच तऱ्हा. बंगालीत मात्र ‘आमि एका’ एवढे म्हटले की पुरे होते. तेथे विशेषणही बदलत नाही आणि सर्वनामही. म्हणजे जबलपुरातील मराठी घरात वाढणाऱ्या व्यक्तीला आपले एकटेपण कोणापुढे मांडताना आधी ज्या गोष्टीपायी ते एकटेपण आले तीच गोष्ट मान्य करावी लागते. तक्रार मांडण्याच्या दारातच तक्रारीचे कारण उभे असते, असा हा प्रकार आहे.

परंतु भाषेवर एवढ्यावरून दोषारोप करणे घाईचे होईल. मराठीचे व्याकरण जितके बारकाईने पाहावे तितक्या तिच्यात लिंग न सांगताही बोलता येण्याच्या जागा आढळतात. भविष्यकाळात लिंगभेद नाही : ‘मी येईन’, ‘तू येशील’, ‘तो येईल’, ‘ती येईल’. हिंदीत हे साधत नाही. तेथे ‘आऊँगा’ किंवा ‘आऊँगी’ म्हणावेच लागते. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्मणी प्रयोग होतो आणि क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते : ‘मी पत्र लिहिले’, ‘मी चिठ्ठी लिहिली’, लिहिणारे कोण हे वाक्य सांगत नाही. ‘मला वाटते’, ‘मला जायचे आहे’, ‘माझ्याने सोसवत नाही’ या रचनांत कर्ता विभक्तीच्या आड उभा राहतो. ‘मी एकटा’ आणि ‘मी एकटी’ यांच्यात अडकलेल्या व्यक्तीला ‘मला एकटे वाटते’ ही वाट मोकळी आहे. ‘आम्ही गेलो’ आणि ‘तुम्ही गेलात’ यांत लिंग नाही. आदरार्थी बहुवचनाची सामान्यरूपे घेतली तर ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही तिन्ही लिंगांना समान आहेत. वृत्तपत्रातील अर्धा परिच्छेद वाचूनही ज्यांच्याविषयी तो लिहिला आहे ते गृहस्थ आहेत की बाई आहेत, हे वाचकाला कळू नये, असे मराठीत सहज घडते.

समाजमाध्यमांवरील लेखनाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. लिंगद्वैताबाहेरची मराठी व्यक्ती ‘मी’विषयी लिहू लागते तेव्हा या जागा तिच्या लेखनाचा आश्रय बनू शकतात. ‘मी घाबरलो’ किंवा ‘मी घाबरले’ असे न लिहिता ‘मला भीती वाटली’ असे लिहिले जाते. ‘मी ठरवलेलो’ वा ‘ठरवलेली’च्या ऐवजी ‘मी ठरवले आहे’ असे येते. व्याकरणाच्या वर्गात जो प्रयोगविचार विद्यार्थ्याला निरर्थक वाटत असे, तो येथे जगण्याच्या गरजेतून पुन्हा शिकला जातो. शैलीचा असा उगम समीक्षेला नवा नाही. निर्बंधातून शैली निर्माण होते हे छंदोबद्ध कवितेच्या बाबतीत आपण फार पूर्वीच मान्य केले आहे. येथे निर्बंध वृत्ताचा नसून प्रत्ययाचा आहे, एवढेच.

यात नपुंसकलिंगाचा प्रश्न स्वतंत्र विचार करण्याजोगा आहे. मराठीने संस्कृतचे तिसरे लिंग टिकवून धरले, हिंदीने ते सोडले. मग ज्यांना दोन्ही नको त्यांनी तिसरे घ्यावे, असे सुचणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की, ‘ते आले’ हे वाक्य आदरार्थी पुल्लिंगी वाटते आणि ‘ते आलं’ हे बोलीतील रूप वस्तूकडे, जनावराकडे वा उपहासाकडे झुकते. शिवाय व्याकरणाने या लिंगाला दिलेले नावच नकारातून घडले आहे, आणि त्यातील ‘नपुंसक’ हा शब्द व्यवहारात शिवीसारखा वापरला जातो. तथापि हीच रूपे वात्सल्यातही येतात : मूल, लेकरू, पाखरू, ‘माझं सोनं’. कोकणी व मालवणीत तरुण मुलीविषयी नपुंसकलिंगी बोलण्याची जुनी चाल आहे आणि तीत अनादर नाही. कोल्हापूरकडे अनेक स्त्रिया स्वतःविषयी ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे बोलतात आणि त्यामुळे त्यांच्या स्त्रीपणाला उणेपणा येतो असे तेथे कोणाला वाटत नाही. प्रमाण मराठीने जे एकसारखे करून टाकले ते बोलींत अजून विविध आहे. आणि म्हणून नवी वाट शोधणाऱ्याने परक्या भाषेकडे जाण्यापूर्वी शेजारच्या बोलीकडे पाहावे, असे सुचवावेसे वाटते. स्वीडिश अकादमीने २०१५ साली ‘हेन’ हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम आपल्या शब्दसंग्रहात घेतले. तमिळनाडू शासनाने २०२२ साली लिंगओळखीविषयीच्या तमिळ शब्दांची सूची राजपत्रात प्रसिद्ध केली. हे मार्ग त्या त्या भाषांना उचित असतील. परंतु शब्द राजपत्रात आला म्हणजे तोंडात येतोच असे नाही. तो आधी कोणीतरी कोणालातरी प्रेमाने म्हटलेला असावा लागतो.

३

मराठीत अनोळखी माणसांपुढे असे खाजगी बोलणे समाजमाध्यमांपासून सुरू झाले, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालले. त्यात वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना संपादक उत्तरे देत. जे घरात विचारता येत नव्हते, वैद्याला विचारण्याचे धैर्य नव्हते, ते पत्राने विचारले जाई. आणि ते उत्तर वाचणारा, प्रश्न न विचारलेला, परंतु त्याच प्रश्नाने पोळलेला आणखी एखादा वाचक दूरच्या गावी असे. समलिंगी आकर्षणाविषयीचे प्रश्नही त्यांत होते. १९३४ साली अशाच प्रश्नोत्तरांवरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. तरीही दंड झालाच. या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, आधाराचे असे लेखन मराठीत नवे नाही. दुसरी, त्याला शिक्षा होणे हेही नवे नाही.

दोहोंमध्ये एक मूलभूत फरक मात्र आहे. ‘समाजस्वास्थ्या’त विचारणारा खाली आणि उत्तर देणारा वर होता, ते नाते कितीही सहृदय असले तरी ज्ञात्याचे आणि अज्ञाचे नाते होते. समाजमाध्यमावर विचारणारे आणि उत्तर देणारे एकाच पायरीवर असतात. काल ज्याने विचारले तोच आज दुसऱ्याला सांगतो. वैद्यकीय माहितीच्या बाबतीत हे धोक्याचे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ‘मलाही असेच वाटते’ हे वाक्य कोणताही तज्ज्ञ उच्चारू शकत नाही, आणि आधाराचे सारे बळ बहुतेक वेळा त्या एका वाक्यात असते.

ग्रंथरूपाने आलेल्या लेखनाशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीची व्यथा एका पुरुषमित्राच्या साक्षीने येते. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ (२०१२) हे आत्मकथन प्रथमपुरुषी असले तरी त्याचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले आहे. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांचे लेखन थेट आहे, परंतु त्याचा रोख प्राधान्याने प्रबोधनाचा आहे. या सर्वांचे मोल वादातीत आहे. तथापि प्रत्येक ठिकाणी अनुभव आणि वाचक यांच्यामध्ये कोणी ना कोणी उभे आहे : नाटककार, शब्दांकनकार, संपादक, प्रकाशक, प्रबोधक. दिशा पिंकी शेख यांची कविता फेसबुकवरून वाचकांपर्यंत पोहोचली आणि नंतर ‘कुरूप’ या संग्रहात आली, तेव्हा हा क्रम उलटा झाला. वाचक आधी मिळाला, पुस्तक नंतर झाले. त्या स्वतः स्त्री म्हणून लिहितात, द्वैताबाहेरची व्यक्ती म्हणून नव्हे. परंतु मध्यस्थाची परवानगी न घेता मराठी वाचकापुढे उभे राहता येते, हे त्यांच्या उदाहरणाने सिद्ध झाले, आणि ते पुढच्या अनेकांच्या उपयोगी पडणारे आहे.

४

इतके मान्य केल्यावर या लेखनाचे परीक्षण करण्याची जबाबदारी समीक्षेवर येते. सहानुभूती हा परीक्षणाला पर्याय होऊ शकत नाही. ‘बलुतं’ (१९७८) प्रसिद्ध झाल्यानंतर दलित आत्मकथनांच्या वाङ्मयीन मूल्याविषयी जो वाद झाला, त्यात नाक मुरडणाऱ्यांनी जशी चूक केली, तशीच केवळ अनुभव खरा आहे म्हणून लेखन थोर मानणाऱ्यांनीही केली. समाजमाध्यमांवरील लेखनाच्या बाबतीत तीच दुहेरी चूक पुन्हा होण्याची भीती आहे.

या लेखनातील सर्वांत मोठे वैगुण्य म्हणजे उसनी परिभाषा. स्वतःच्या अनुभवाला प्रथमच नाव मिळण्याचा आनंद मोठा असतो, आणि ते नाव इंग्रजी असले तरी त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. पण नाव मिळाले की अनुभव सांगून झाला, असे वाटू लागते. संज्ञा येते आणि वर्णन थांबते. जबलपूरच्या एखाद्या घरात हळदीकुंकवाच्या दिवशी कोणत्या खोलीत बसावे, मुंजीच्या पंगतीत कोणाच्या रांगेत, आत्याने ‘आमची चिमी’ म्हटल्यावर उत्तर द्यावे की नाही, हे प्रश्न कोणत्याही परकीय शब्दसूचीत नाहीत. आणि ते मराठीत लिहिल्याखेरीज त्यांचा दंश कळणार नाही. ज्या लेखनात असे तपशील येतात ते लेखन वाचकाच्या मनात टिकते. ज्यात केवळ संज्ञा येतात ते त्याच संज्ञा वापरणाऱ्या इतर हजारो लेखनांत विरून जाते.

दुसरे वैगुण्य माध्यमाचे आहे. समाजमाध्यम ही धर्मशाळा नसून बाजारपेठ आहे, हे विसरता कामा नये. आश्रय देणाऱ्या भिंती ज्याच्या मालकीच्या आहेत त्याला आश्रिताशी काही देणेघेणे नसते. २०१४ च्या फेब्रुवारीत फेसबुकने अमेरिकेतील सदस्यांना लिंगओळखीचे पन्नासांहून अधिक पर्याय दिले. आणि त्याच वर्षी ‘खरे नाव’ लावण्याच्या त्याच कंपनीच्या सक्तीमुळे निवडलेल्या नावाने वावरणाऱ्या अनेकांची खाती बंद झाली. एका हाताने ओळख द्यावी आणि दुसऱ्या हाताने नाव काढून घ्यावे, असा हा व्यवहार होता. निषेध झाल्यावर तो सौम्य करण्यात आला. ऑर्कुट २०१४ साली मिटले. टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये भारतात बंदी आली. त्या बंदीची कारणे राजकीय होती, परंतु ज्या लहान गावांतील लिंगभिन्न कलावंतांना इंग्रजीवाचून आणि शहरावाचून प्रेक्षक मिळाला होता, त्यांचे अंगण एका रात्रीत नाहीसे झाले. छापील मासिक बंद पडले तरी त्याचे जुने अंक कोणाच्या तरी माळ्यावर उरतात. येथे अंक उरत नाहीत.

तिसरी गोष्ट वैगुण्याहून गंभीर आहे. ज्या दाराने आधार येतो त्याच दाराने आघातही येतो. मध्य प्रदेशातीलच एका किशोरवयीन कलाकाराचा २०२३ मध्ये मृत्यू झाला. साडी नेसून केलेल्या चित्रफितीखाली तिरस्काराच्या शब्दांचा जो खच पडला होता, त्याची नोंद देशभरच्या वृत्तपत्रांनी घेतली. ते शब्द लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपण काही लेखन करीत आहोत असे मानलेही नसेल. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र या घटनेकडे भाषिक घटना म्हणून पाहणे भाग आहे. शब्दाने माणूस तगतो, असे जे म्हणतात त्यांना शब्दाने माणूस खचतो हेही मान्य करावे लागते. दोन्ही विधाने एकाच श्रद्धेची दोन अंगे आहेत. म्हणून समाजमाध्यमांचा गौरव करताना ‘आधार’ हा शब्द विनाअट वापरता येत नाही. तो आधार आहे, परंतु राखण नसलेला आधार आहे. कोणत्याही लेखनाखाली आलेल्या दहा सहृदय ओळींच्या शेजारी अकरावी ओळ कोणती असेल, हे सांगता येत नाही. आणि वाचणारे वय कोवळे असले तर त्या दहांचे बळ त्या एकीपुढे अपुरे पडू शकते. अशा वेळी पडद्यापलीकडचा वाचक पुरेसा नसतो. हाताच्या अंतरावर कोणीतरी असावे लागते.

यातून समीक्षेपुढे एक व्यावहारिक आणि नैतिक पेच उभा राहतो. हे लेखन वाङ्मय म्हणून वाचावयाचे तर त्याचे दाखले दिले पाहिजेत. परंतु ते थोड्यांसाठी, बहुधा टोपणनावाने, घरच्यांच्या नजरेआड लिहिलेले असते. त्यातील एक ओळ उचलून मासिकाच्या पानावर मांडणे म्हणजे आडोशाला बोललेले वाक्य चव्हाट्यावर नेणे होय. म्हणूनच या चर्चेत त्या लेखनातील एकही उतारा घेतलेला नाही. येथील उदाहरणे व्याकरणाची आहेत, माणसांची नाहीत. पुराव्यावाचून समीक्षा दुबळी होते हा आक्षेप खरा आहे. परंतु लेखकाचा आसरा मोडून मिळवलेला पुरावा समीक्षेने नाकारणेच योग्य. जे लेखक आपण होऊन नावानिशी पुढे येतील, त्यांच्या लेखनाचे कठोर परीक्षण व्हावे. तोवर समीक्षेचे काम त्यांच्यासाठी भाषेत जागा तपासून ठेवणे हे आहे.

५

या कामात अनुवादकाचा वाटा मोठा आहे. इंग्रजीतील एकवचनी ‘दे’ हे सर्वनाम मराठीत आणताना सरसकट ‘ते’ योजण्याची सवय पडू पाहत आहे. वर म्हटल्याप्रमाणे ‘ते आले’ हे वाचकाला पुरुषाचे आदरार्थी वर्णन वाटते. म्हणजे द्वैतातून सुटण्यासाठी वापरलेले सर्वनाम पुन्हा द्वैताच्या एका बाजूला जाऊन पडते. ‘व्यक्ती’ हा शब्द वापरून ‘ती आली’ असे लिहावे तर दोन पानांत वाचकाच्या मनात स्त्री उभी राहते. या दोन्हींपेक्षा ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांच्या’ या रूपांवर आणि कर्मणी रचनेवर भर देणारा अनुवाद अधिक प्रामाणिक होईल. कर्तरी वाक्य टाळता येत नसेल तेथे व्यक्तीचे नाव पुन्हा घ्यावे. बंगालीतून अनुवाद करताना तर सावधगिरी दुप्पट हवी, कारण मूळ लेखकाने जे उघडे ठेवले आहे ते मराठी अनुवादक न कळत बंद करून टाकतो. अशा अनुवादाला श्रम पडतात आणि वाक्य क्वचित अवघडते. पण अवघडलेले वाक्य हे खोट्या वाक्याहून बरे.

परंपरेचा आधार मागणाऱ्यांसाठी तोही उपलब्ध आहे. वारकरी परंपरेत विठ्ठल ‘माउली’ आणि ‘विठाबाई’ होतो, ज्ञानेश्वर पुरुष असून ‘माउली’च राहतात, आणि पुरुष संतांनी विरहिणीच्या नि गौळणीच्या मुखाने ‘मी’ म्हटले आहे. महानुभावांच्या भक्तिभावात गोविंदप्रभू आईही आहेत आणि बापही. यावरून मध्ययुगीन समाज लिंगभिन्न माणसांशी उदारपणे वागत होता असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. ईश्वराला जे माफ असते ते शेजाऱ्याला माफ नसते. परंतु एवढे मात्र निश्चित की, मराठीचे कान या प्रकारच्या ‘मी’ला सर्वथा अनोळखी नाहीत.

आणि मराठीतील एक रूढ प्रयोग असा आहे की, तो या सर्व चर्चेचे सार सांगतो. ‘तो माणूस’ म्हटले म्हणजे पुरुष डोळ्यांपुढे येतो. पण ‘आपला माणूस’ या जोडीला ‘आपलं माणूस’ असाही प्रयोग मराठीत आहे, आणि तो नपुंसकलिंगी आहे. सासरी एकट्या पडलेल्या मुलीला, परगावी आजारी पडलेल्याला, दवाखान्याच्या ओसरीवर बसलेल्याला जे हवे असते ते ‘आपलं माणूस’. ते बाई असेल, बाप्या असेल. भाषेने ते विचारलेलेच नाही. जेथे नाते सर्वांत निकटचे, तेथे मराठीने लिंगाचा हट्ट सोडून दिला आहे. नपुंसकलिंग हे वस्तूंचे आणि उपहासाचे लिंग आहे, या समजुतीला याहून चोख उत्तर नाही.

समाजमाध्यमांवर लिंगद्वैताबाहेरच्या व्यक्ती जे शोधतात ते याहून वेगळे नाही. ते त्यांना तेथे कधी मिळते, कधी मिळत नाही, आणि कधी त्याच्या शोधात त्यांना घायाळ व्हावे लागते. माध्यमे बदलतील, मिटतील, विकली जातील. त्यांच्यावर समीक्षेची सत्ता नाही. भाषेवर मात्र लेखक, अनुवादक आणि समीक्षक यांची थोडीफार सत्ता असते. ज्या भाषेने भविष्यकाळात लिंग ठेवले नाही आणि ‘आपलं माणूस’ या शब्दांतही ते विचारले नाही, त्या भाषेत या व्यक्तींना आपले वर्तमान सांगता येऊ नये असे काही मुळातच ठरलेले नाही. ते सांगता यावे म्हणून पुरेसे चांगले मराठी लिहिले जाणे, आणि लिहिले गेले तर ते लक्षपूर्वक वाचले जाणे, एवढेच आता राहिले आहे.